वचनाची डबी

“कितव्यांदा काढलंस हे?” एस्तेरमावशींनी विचारलं. ‘बस’ मात्र म्हणाल्या नाहीत, आणि तिथंच मला वाटलं, काहीतरी चुकतंय.

मावशी कधी कुणाला उभं ठेवत नाहीत. चाळीस वर्षं मिशनच्या बायबलबाई म्हणून शास्त्र सांगत त्या गावोगाव पायी हिंडल्या. आता गुडघे गेलेत आणि कंपाउंडच्या फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहतात. आलेल्याला आधी पाट, मग पाणी, मग बोलणं, ही त्यांची रीत.

मी उभीच होते. एका हातात भरलेली बॅग, दुसऱ्या हातात वचनाची डबी.

नव्या वर्षाच्या उपासनेला ही डबी आमच्या चर्चमध्ये बाकांवरून फिरते. आत शास्त्रातलं एकेक वचन छापलेल्या कागदांच्या बारीक सुरळ्या असतात. डोळे मिटून एक काढायची. निघेल ते वचन वर्षभर आपलं. वर्षाला एक, असा नियम.

मी ती पाळकांकडून जूनमध्ये मागून घेतली होती.

“विचारतेय मी, रोदा.”

“तिसऱ्यांदा.”

“जूनपासून?”

“…आज सकाळपासून.”

मावशींनी डोळे मिटले. प्रार्थना करत नव्हत्या, एवढं मला कळलं.

सातपुड्यातल्या आमच्या शाळेवर माझी नेमणूक झाली होती. अर्ज मीच केला होता. ‘प्रभू, मला पाठव’ असं गुडघे टेकून मीच म्हटलं होतं, कुणी भाग पाडलं नव्हतं. तिथल्या बाई एप्रिलात निवृत्त झाल्या, तेव्हापासून शाळेला कुलूप आहे. महिन्यातून एकदा तिकडे सामान न्यायला जीप येते. जूनची गेली, जुलैची गेली, ऑगस्टची गेली. आज चौथी होती. मी आजही नाही गेले, तर शाळा कायमची बंद करायचं ठरलं होतं. बावीस पोरं होती तिथं.

“बरं,” मावशी म्हणाल्या. “पहिलं काय निघालं?”

“धीर देणारं.”

“मग?”

“ते सगळ्यांनाच निघतं, मावशी.”

“दुसरं?”

“पिकल्या केसांचं. म्हातारपणाविषयी.”

“ते माझं असेल. तिसरं?”

“उभं राहण्याविषयी होतं. पण उभं राहा म्हणजे ऊठ, की आहेस तिथंच थांब? दोन्ही अर्थ होतात.”

“म्हणून अशी उभी आहेस होय,” मावशी म्हणाल्या. “किती शिकलीस तू?”

“एम.ए., बी.एड.”

“दिसतंय.”

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मी एवढी दचकले की डबी हातातून सुटता सुटता राहिली.

“मावशी, तुम्हीच सांगा. तुम्ही जा म्हणालात तर जाते.”

“आणि नको म्हटलं तर?”

“तर नाही जाणार.”

“आणि मी मागच्या थंडीतच मेले असते तर?”

मी बॅग खाली ठेवली.

“तिथं फोन लागत नाही,” मी म्हणाले. “पोरं पावरी बोलतात, मला एक शब्द येत नाही. शेवटचे दोन तास चालायचं, मध्ये नदी. प्रभू सोबत असणार, ते मला माहीत आहे. मला फक्त आधी कळायला हवं.”

“काय?”

“पुढं काय आहे ते.”

“एस.टी.चं वेळापत्रक पाहिजे तुला.”

“तुम्हाला कधी भीतीच वाटली नाही का?”

“वाटायची की. पायांत यायची.”

“मग चालायचात कशा?”

“दुसरे पाय कुठून आणायचे?”

मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. तीन महिने मी या बाईंच्या दारात येतेय, आणि एक सरळ उत्तर नाही.

“शेवटचं एक काढते,” मी म्हटलं. “जायचं असं निघालं तर जाईन. नाहीतर डबी पाळकांना परत देते आणि विषय संपला.”

“काढ.”

मी डोळे मिटले. डबीत बोटं फिरवली. एक सुरळी धरली…

डोळे उघडायच्या आत ती माझ्या बोटांतून गेली होती. मावशींनी ती पदराच्या टोकात गुंडाळून वर गाठ मारली. मग डबीही काढून घेतली.

“वाचू तरी द्या.”

मावशींनी गाठ आणखी घट्ट केली.

“निदान तुम्ही वाचा. चांगलं आहे का, एवढंच सांगा.”

मावशी गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. कोनाड्यातलं सूप घेतलं, माझ्याकडे पाठ केली आणि तांदूळ पाखडायला लागल्या.

“मावशी.”

सूप वाजत राहिलं.

बॅग उचलून मी अंगणात आले. जीपमधून शमुवेलभाऊंनी डोकं बाहेर काढलं. “ताई, येताय, का याही महिन्याला टाटा करताय?”

“एक मिनिट, भाऊ.” मी मागे वळले. “मावशी, काय निघालंय बघा ना.”

सूप वाजत होतं.

फाटकापर्यंत गेले. पुन्हा हाक मारली. शेजारच्या ओसरीवरून कुणीतरी वाकून पाहिलं. मावशींनी पाहिलं नाही.

शमुवेलभाऊंनी गाडी सुरू केली. त्या आवाजानं मी पुन्हा दचकले. तेलाच्या डब्यांशेजारी एक जागा रिकामी होती. किती वेळ मी त्या जागेकडे बघत होते, सांगता येणार नाही. मग बॅग आत ठेवली. पाय लटपटत होते. चढले.

गाडी हलली.

मी अर्धी बाहेर वाकले. “मावशी, काय निघालं?”

सूप थांबलं. मावशी दारात आल्या. पदराची गाठ तशीच होती.

“तू निघालीस, बये.”