केरबाचं संमतीपत्र

टेंभेवाडी गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव केरबा. भोळा म्हणजे किती भोळा? त्याला कुणी "जरा थांबा" म्हटलं, की "आता चला" म्हणेपर्यंत तो तिथून हलत नसे. एकदा बायकोने, हौसाबाईने, "दुधाकडे बघा" म्हणून सांगितलं. केरबाने नीट बघितलं. हौसाबाई आली तेव्हा चूल विझली होती आणि केरबा सांगत होता, "आदी वर आलं, मग भायेर गेलं. एक थेंबबी बघायचा ऱ्हायला न्हाई."

केरबाच्या घरी त्याची भाची होती, यमुना. पोरगी बारावीला नापास झाली आणि बोलायचीच थांबली. आईशी नाही, मैत्रिणींशी नाही. हवापालट म्हणून बहिणीने तिला केरबाकडे आणून सोडलं, तर इथेही ती माजघरात भिंतीकडे तोंड करून बसायची. केरबाला मूलबाळ नव्हतं, त्याचा या पोरीवर फार जीव. तिने एकदा तरी "मामा" म्हणून हाक मारावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

अशात शहरातल्या एका संस्थेच्या शर्वरी मॅडम गावात आल्या. तरुण पोरापोरींच्या मनाच्या दुखण्यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांच्याकडे पेटीभर फोन होते. फोनात पाच चेहरे असायचे, खदाखदा हसणाऱ्यापासून धो धो रडणाऱ्यापर्यंत. रोज आपल्या मनासारखा चेहरा दाबायचा, खाली वाटेल ते लिहायचं, आणि दुसऱ्या टोकाला बसलेली समुपदेशक ताई ते वाचून उत्तर द्यायची. ज्याला तोंडाने सांगता येत नाही त्याने बोटाने सांगावं, असा हा बेत. तीन महिने फोन वापरून बघायचे. मग समितीची माणसं येणार आणि फोन गावात ठेवायचे की परत न्यायचे, ते ठरवणार.

घरोघर फिरून फोन समजावून द्यायला मॅडमना गावातलाच माणूस हवा होता. "स्वतःचं डोकं चालवणारा नको," त्या सरपंचांना म्हणाल्या. "मी सांगेन तेवढंच आणि सांगेन तसंच करणारा द्या. संशोधनात ते फार महत्त्वाचं असतं."

सरपंचांना विचारही करावा लागला नाही. त्यांनी केरबाला बोलावणं धाडलं.

"आधी तुम्हीच करून बघा," मॅडम केरबाला म्हणाल्या. "यातला तुमच्यासारखा चेहरा दाबा."

केरबाने पाचही चेहरे निरखून पाहिले. "मॅडम, ह्यातल्या एकालाबी मिशी न्हाई."

मॅडमनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण त्या हसल्या, आणि केरबाला काम मिळालं.

पहिला फोन त्याने यमुनेच्या हातात ठेवला. तिने तोंड भिंतीकडून वळवलं नाही, पण थोड्या वेळाने तिचा अंगठा हलायला लागला. केरबा उंबऱ्यात उभा राहून बघत होता. अंगठा हलतोय म्हणजे पोर कुणाशी तरी बोलतेय. फोन परत गेले तर हे बोलणंही जाणार, हे मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. म्हणून त्याने ठरवलं, मॅडमचा एकही शब्द वाया जाऊ द्यायचा नाही. आणि तिथूनच सगळी गंमत सुरू झाली.

जाताना मॅडम म्हणाल्या, "केरबा, एक लक्षात ठेवा. या कामातली गोष्ट या कानाची त्या कानाला कळता कामा नये."

"न्हाई कळायची जी."

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. रविवारी सकाळी दहाला शाळेत सगळ्या पोरापोरींची बैठक आहे. केरबाने ती गोष्ट पोटात ठेवली. पोरं विचारायची, "मामा, आमाला फोन कवा मिळणार? बैठक हाय म्हनं?" केरबा ओठांवर बोट ठेवून पुढे जायचा. रविवारी शाळेत मॅडम, पन्नास रिकाम्या खुर्च्या आणि पन्नास वडापाव, एवढेच हजर होते.

"अहो केरबा, असं कुठं करतात का? अशी गोष्ट सगळ्या गावाला ओरडून सांगायची! पंचायतीचा स्पीकर आहे ना?"

"चुकलं जी. पुढच्या वेळेला तसंच करतो."

पुढच्या वेळेला काय झालं, की गावचा पैलवान संग्राम केरबाच्या शेजारी येऊन बसला. सव्वाशे किलोचा गडी. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मामा, कुस्ती हारल्यापास्नं झोपच लागत न्हाई बगा. छातीत नुस्तं धडधडतंय. कुणाला सांगायची लाज वाटती."

केरबा उठला तो थेट पंचायतीत गेला.

"ऐका हो ऐका! संग्राम पैलवानाला झोप लागत न्हाई! त्याच्या छातीत धडधडतंय! त्याला सांगायची लाज वाटती, म्हणून म्या सांगतोय होऽ!"

अर्ध्या तासात संग्रामच्या दारात गाव लोटलं. कुणी जायफळ आणलं, कुणी म्हशीचं दूध, तर एका आजीने त्याच्या सव्वाशे किलोंवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. संग्राम मागच्या दाराने उसात पळाला. गंमत अशी, की संध्याकाळी चार तगडी पोरं उसात त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्यांच्याही छातीत धडधडत होतं. दुसऱ्या दिवशी पाचही जणांनी येऊन फोन नेले. पण मॅडमनी कपाळाला हात लावला.

"अहो केरबा, असं कुठं करतात का? कुणी मन मोकळं करायला लागलं, की शांत बसायचं. मान हलवायची. 'हं, पुढं?' म्हणायचं. फार तर 'कसं वाटतंय?' असं विचारायचं. त्यापुढं एक अक्षर नाही!"

"चुकलं जी. पुढच्या वेळेला तसंच करतो."

पुढच्या वेळेला शेजारची गंगूकाकी धापा टाकत आली. "केरबा, धाव रं! म्हस सुटली! माज्या कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरली!"

केरबा शांत बसला. मान हलवली. "हं. पुढं?"

"फुडं काय? खातीया की कोथमीर!"

"हं. पुढं?"

"आता मेथीत गेली रं मुडद्या!"

"काकी," केरबा मायेने म्हणाला, "कसं वाटतंय तुमाला?"

कसं वाटतंय ते काकीने सांगितलं. ते इथे लिहिता येणार नाही. सांगून होईपर्यंत म्हशीने मेथीही संपवली आणि ती तिथेच रवंथ करत बसली.

"अहो केरबा, असं कुठं करतात का?" मॅडमचा आवाज आता रडकुंडीला आला होता. "माणूस असं रडताओरडताना दिसलं, की नुसतं बसून राहायचं नाही. धावायचं! चार माणसं गोळा करायची! आणि काही झालं तरी त्या माणसाला एकटं सोडायचं नाही."

"चुकलं जी. पुढच्या वेळेला तसंच करतो."

पुढच्या वेळेला होतं शिंद्यांच्या सुमनचं लग्न. जेवणावळी उठल्या, पाठवणीची वेळ झाली आणि सुमन आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. आईही रडायला लागली. केरबा बुंदीचं ताट टाकून धावला. "चला रं, चौघं या! पोरगी रडतीया!" त्याने चार वाढपी गोळा केले आणि ते पाचही जण नवरीच्या गाडीत घुसले. केरबा नवरानवरीच्या मधोमध बसला. नवरदेव म्हणाला, "तुम्ही कोण?" केरबा म्हणाला, "तिला एकटं सोडायचं न्हाई."

"अहो, एकटी कुठाय? मी आहे की!"

"तुमीच तर तिला रडवलंत," केरबा म्हणाला.

गाडी तशीच सासरी गेली. उंबऱ्यावरचं माप नवरीने ओलांडलं आणि तिच्या मागोमाग केरबाने ओलांडलं. पूजा झाली तेव्हा तो मध्ये, जेवायला बसले तेव्हाही तो मध्ये. शेवटी सुमनच हसायला लागली, तेव्हा कुठे केरबाची खात्री पटली आणि तो वाढप्यांना घेऊन दुधाच्या टेम्पोतून परत आला.

"अहो केरबा!" मॅडम म्हणाल्या. त्या पाणी प्यायल्या, मग त्यांनी पिशवीतून छापील कागदांचा गठ्ठा काढला आणि तो त्याच्या हातात दिला. "हे संमतीपत्र. आता समिती येईपर्यंत मनाचं काहीही करू नका. कुणासाठी काहीही करायचं असेल, तर आधी त्या माणसाला हा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायचा, त्याची सही घ्यायची, आणि सही झाल्याशिवाय त्याला हात म्हणून लावायचा नाही. कळलं?"

"कळलं जी," केरबा म्हणाला. आणि खरंच, या वेळेला त्याला अगदी नीट कळलं होतं.

समिती आली. चहाला सगळे केरबाच्याच अंगणात बसले. अध्यक्षसाहेब मोठे कडक गृहस्थ. पांढरा सफारी, डोळ्यांवर चष्मा, खिशाला पेन. ते म्हणाले, "फोन वाटलेत, छान. पण त्यातून एखादं तरी मूल बोलायला लागलं का? तसं एक जरी दिसलं, तर फोन इथं राहतील. नाहीतर आज गाडीत घालून घेऊन जाऊ."

मॅडमचा चेहरा उतरला. कुणाचं नाव घेऊन सांगायची त्यांना मुभा नव्हती. केरबाने माजघराकडे पाहिलं. आत माजघरात यमुनेचा अंगठा हलत होता, आणि हा माणूस फोन गाडीत घालायला निघाला होता.

चहा झाल्यावर अध्यक्षसाहेब हात धुवायला परसात गेले. केरबा तांब्या घेऊन मागे. साहेबांना वाटलं, गावच्या माणसाचा एक फोटो घ्यावा. "इथं उभे राहा," ते म्हणाले आणि फोन डोळ्यासमोर धरून एकेक पाऊल मागे सरकायला लागले. मागे गोबरगॅसमधून निघणाऱ्या पातळ शेणकाल्याचा, म्हणजे स्लरीचा खड्डा होता. वरून वाळून तो जमिनीसारखाच दिसायचा. केरबाला तो ठाऊक होता, पण त्याला उभं राहायला सांगितलं होतं.

धप्प!

साहेब छातीपर्यंत आत गेले. "अरे, हात दे! हात दे!"

केरबा धावला. खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. मग खिशातून कागद काढला.

"नमस्कार. माजं नाव केरबा. तुमाला या उपक्रमात सहभागी होण्याची इच्छा हाय का, हे विचारण्यासाठी म्या आलोय."

"काय?"

"हा सहभाग पूर्णपणे ऐच्छिक हाय."

"अरे, मला बाहेर काढ!"

"भायेर पडायचा अधिकार तुमाला कवाबी हाय," केरबाने बोट ठेवून ओळ दाखवली. "हितं लिवलंय बगा. त्यासाठी कारण द्यायची गरज न्हाई."

"मी बुडतोय!"

"या सहभागातून तुमचा थेट फायदा हुईलच असं न्हाई. थोडी अस्वस्थता वाटू शकती." केरबाने मान वर केली. "वाटती का?"

साहेबांनी जे उत्तर दिलं ते गंगूकाकीच्याच तोडीचं होतं. शेवटी त्यांनी खिशातलं बरबटलेलं पेन काढलं आणि केरबाच्या गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. केरबाने सही वाळू दिली. कागदाची घडी घातली. मग दोन्ही पाय रोवून साहेबांचं मनगट धरलं आणि ओढायला सुरुवात केली. साहेब पोटापर्यंत वर आले, मग कमरेपर्यंत आले. एक गुडघा काठाला लागला.

"आई गं!" साहेब ओरडले. "मनगट मोडलं! सोड, सोड!"

केरबा थबकला. "माघार घेताय?"

"सोड म्हणतो ना!"

"घ्या," केरबा आदराने म्हणाला. "म्या कारण इचारणार न्हाई." आणि त्याने हात सोडला.

धप्प!

या वेळेला साहेब डोक्यासकट आत गेले. वर आले तेव्हा चष्मा होता, पण त्यातून काही दिसत नव्हतं. आणि तेवढ्यात परसदारातून हसू फुटलं. आधी खुदकन, मग खळखळून, मग दाराची चौकट धरून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. यमुना हसत होती.

"मामा!" ती हसताहसता ओरडली. "अवो मामा, धरा की त्यास्नी!"

चहाचे कप घेऊन सगळे परसात धावले. हौसाबाईने तोंडावर हात ठेवला. "अवो, बोलली! चार म्हैन्यांनी पोर बोलली!" केरबाच्या डोळ्यांना धार लागली. तिने मामा म्हटलं होतं, दोनदा म्हटलं होतं.

"पण तू दारापर्यंत आलीस कशी गं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"फोनातली ताई म्हणली, रोज एक पाऊल दाराकडं टाक," यमुना डोळे पुसत म्हणाली. "आज पोचले."

खड्ड्यातून आवाज आला. "ऐकलं मी! मिळाला पुरावा! फोन राहतील. सगळेच्या सगळे राहतील! पण आता कुणीतरी मला बाहेर काढा हो!"

समितीची माणसं पुढे धावली. केरबाने दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं. या माणसाने यमुनेचा फोन राखला होता. त्याच्या कामात आता एका अक्षराचीही चूक होऊन चालणार नव्हती.

"कुणी हात लावायचा न्हाई!" तो गरजला. मग शर्टाच्या बाहीने डोळे कोरडे केले, खिशातून कोरा कागद काढला आणि खड्ड्याच्या काठावर पुन्हा उकिडवा बसला. "साहेब, एकदा माघार घेतली की जुनी सही चालत न्हाई. नमस्कार. माजं नाव केरबा."