लख्खकाकूंचा ओहळ

एका डोंगरउतारावरच्या गावात एक अतिशय स्वच्छ बाई राहत होत्या. पाहुणा उंबऱ्याशी आला की त्या आधी त्याच्या पायांकडे बघत आणि मग तोंडाकडे. त्यांचं अंगण इतकं लखलखीत असे, की गाव त्यांना लख्खकाकू म्हणे आणि चिमण्यासुद्धा तिथे उतरायला कचरत.

काकूंच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. बसल्या जागी त्यांना कुठे ना कुठे काही तरी मळलेलं दिसे. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, दिव्यांतलं जळकं तेल, भिंती रंगवून उरलेला चुना, काहीही डोळ्यांसमोर राहिलं की त्यांना झोप लागत नसे. त्या ते उचलत आणि बाहेर टाकत. बाहेर म्हणजे दारासमोरच्या ओहळात. हा ओहळ एरवी कोरडा, पण पाऊस पडला की दुथडी भरून वाही. म्हणून काकू आभाळाकडे डोळे लावून बसत. चार थेंब पडले की पदर खोचून धावत. बघता बघता सगळं साफ! गावातले बाकीचे लोकही हेच करत, फक्त इतक्या उत्साहाने नाही.

एकदा यजमानांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "अगं, हे सगळं जातं कुठे?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर! तुम्हाला सुपारी हवीय की वाद?"

यजमानांना सुपारी हवी होती.

काकूंची एकुलती एक लेक भामा. तिलाही त्यांनी बाहेरगावीच दिली होती. डोंगराच्या पायथ्याला मोठं तळं होतं, तळ्याकाठी तिचं सासर. यंदा भामाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून काकू तिला आणायला निघाल्या. निघता निघता आभाळ कोसळू लागलं. अशी संधी काकू सोडतात कशाला! त्यांनी सगळा गोठा ओहळात रिकामा केला, झिजलेली केरसुणीही भिरकावली आणि घोंगडी डोक्यावर घेऊन डोंगर उतरल्या.

विहीणबाईंनी गूळ-पाणी पुढे केलं. पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि तळाशी राखाडी गाळ.

काकूंनी पेला नाकापासून लांब धरला. "तुमच्याकडे पाणी गाळत नाहीत वाटतं?"

"हे गाळलेलंच आहे," विहीणबाई म्हणाल्या. "न गाळलेलं दाखवू का?"

"आणि भामा कुठे दिसत नाही?"

"तळ्यावर. वर पाऊस झाला की तिचा जीव थाऱ्यावर नसतो. पायांना चिखल्या झाल्यात, पोटात पोर आहे, मी घसा कोरडा होईस्तोवर ओरडते, पण ऐकेल तर शपथ!"

काकू पेला तसाच ठेवून ओल्या लुगड्यानिशी निघाल्या. विहीणबाई मागोमाग.

ओहळ तळ्याला मिळत होता तिथे पाणी काळंकुट्ट झालं होतं. त्यात गुडघाभर उभी राहून भामा टोपलीत काहीबाही वेचत होती. काठावर घागरी घेतलेल्या दोघी तिची थट्टा करत होत्या.

"भामे, माहेरचा आहेर आला का गं?"

"या खेपेला शेण जास्त दिसतंय. माया आहे हो तुझ्या माहेरच्यांची!"

भामा घाईघाईने पदराआड काही तरी लपवत होती. एक केरसुणी, मुठीला हिरव्या खणाचा तुकडा बांधलेली. केरसुणीला खण बांधायची ऐट अख्ख्या डोंगरावर एकाच बाईची होती.

"भामे, हे काय गं?" काकूंचा आवाज चिरकला.

भामा दचकली. "आई! अगं, काही नाही. कुणी ओळखायच्या आत आपलं आपलं काढून घेते."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पण तू कधी खाली बसतेस का?"

एवढ्यात विहीणबाई पोचल्या. "कुणाची गं ती केरसुणी?"

"वाहून आलीय कुणाची तरी," भामा खाली बघत म्हणाली.

"असेल एखाद्या घाणेरड्या बाईची," विहीणबाई म्हणाल्या.

गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. लेक निभावून नेतच होती, इतके दिवस, त्या पाण्यात उभी राहून.

"माझी आहे," काकू म्हणाल्या.

विहीणबाई म्हणाल्या, "लेकीला खुशाल घेऊन जा. पण माझ्या नातवंडाला मी हे पाणी पाजायची नाही. तळं निवळेपर्यंत दोघांना तुमच्याकडेच ठेवा."

पोटुशी लेक घेऊन काकू डोंगर चढल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला. शेण, केर, खरकटं आता त्यात पडू लागलं. राख भांड्यांना लागली, जळकं तेल गाडीच्या चाकाला, उरलेला चुना झाकून ठेवला गेला. अंगणातला गाळ अडावा म्हणून ओहळाच्या कडेला त्यांनी गवत लावलं. खड्ड्यावर माश्या घोंगावू लागल्या आणि गाव खूश झालं. "लख्खकाकू गेल्या, आता उकिरडाकाकू!" पाऊस आला की काकूंचे हात शिवशिवत. त्या ते मांडीखाली दाबून बसत.

पण ओहळ काळाच वाहत होता, कारण गाव मोठं होतं. बाळाचं बारसं झालं, तरी खालून बोलावणं आलं नाही. काकूंच्या डोळ्याला डोळा लागेना. शेवटी त्या घरोघर गेल्या आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला, "तुमची लेक कुठे दिली हो?"

"खाली, तळ्यावर," बहुतेक घरांतून उत्तर यायचं. मग थोड्या वेळाने आतून कुदळ शोधल्याचा आवाज.

पाटलांना मात्र सगळे मुलगेच होते. ते म्हणाले, "आपल्याला ही काळजी नाही," आणि गोठा ओहळातच धुवत राहिले. पुढे थोरल्यासाठी त्यांनी तळ्याकाठची मुलगी मागितली, तेव्हा निरोप आला, "मुलगा चांगला आहे. आधी ओहळ दाखवा." पाटलांनी गावातला सगळ्यांत मोठा खड्डा खणला आणि ही कल्पना आपलीच असल्याचं सर्वांना सांगितलं.

तळं एका पावसात बिघडलं नव्हतं, ते एका पावसात निवळलंही नाही. नात रांगू लागली, चालू लागली, तेव्हा कुठे एके दिवशी विहीणबाई डोंगर चढून आल्या. दारातच त्यांनी नाकाला पदर लावला.

"अगं बाई, अंगणात केवढी ही घाण!"

"आहे खरी," लख्खकाकू म्हणाल्या, "पण सगळी आमचीच."

विहीणबाईंनी नातीला उचलून कडेवर घेतलं आणि आत हाक मारली, "भामा, आवर लवकर. ऊन व्हायच्या आत घरी पोचायचंय."

तात्पर्य: आपली घाण आपल्या दारात सांभाळावी. ओहळ पावसाचा आहे, त्यातून पाऊसच जाऊ द्यावा.