पितळी यंत्राची पेढी

फार फार वर्षांपूर्वी दर्याकाठी एक श्रीमंत बंदर होतं. तिथल्या बाजारात लोकांची पुंजी सांभाळणाऱ्या पेढ्या होत्या, आणि त्यांची एक रीत होती. पेढीवाल्याने स्वतःची पुंजीही लोकांच्या पुंजीबरोबर एकाच पेटीत ठेवायची. वाढली तर सगळ्यांची, बुडाली तर सगळ्यांची.

एकदा दर्यापारची एक बडी पेढी या बंदरात शाखा काढायला आली. तिच्याजवळ बोलणारं पितळी यंत्र होतं. कुणाची पुंजी कुठल्या व्यापारात घालायची, ते यंत्रच ठरवी.

"याला झोप नाही, लोभ नाही," पेढीचा मुनीम म्हणाला. "फक्त तुमची ती पेटीची रीत आम्हाला लावू नका."

नगरशेठ नुसते हरखून गेले. एवढी मोठी पेढी आपल्या दारी आली म्हणून त्यांनी रीत माफ करून टाकली. कुणाला विचारलं? कुणालाही नाही. पाहुण्यापुढे लोटांगण घालायची हौस दांडगी, दुसरं काय!

त्याच गावात चांगुणा नावाची रंगारीण होती. कापड रंगवून रंगवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. जिथे तिच्या रंगाच्या कढया मांडलेल्या होत्या, ते आवार दिवाळीपर्यंत विकत घेतलं नाही तर मालक तिला बाहेर काढणार होता. थोडं सोनं कमी पडत होतं. ती नगरशेठांकडे गेली.

"शेठजी, या यंत्रावर भरवसा ठेवू का?"

"डोळे मिटून ठेव, बाई. जुन्या पेढ्यांचे दिवस गेले आता."

चांगुणाने होतं नव्हतं ते सोनं यंत्राच्या स्वाधीन केलं.

आता त्या यंत्राची अक्कल ऐका. ते ज्या दर्यावर शिकलं, तिथे बारा महिने गलबतं चालत. इथे पावसाळ्यात दर्या बंद असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने लोकांच्या पैशाने माल भरला आणि भर आषाढात गलबतं हाकारायला लावली. नाखवे नको म्हणाले, तर दुप्पट मजुरी दिली. खलाशी कसेबसे पोहून परतले. माल सगळा बुडाला.

मुनिमाने हात झटकले. "जोखीम तुमची होती. आमची दलाली आम्ही आधीच घेतली आहे." यंत्र बैलगाडीत घालून तो पुढच्या बंदराला निघूनही गेला. तिथेही त्याचं वाजतगाजत स्वागत झालं म्हणे.

चांगुणा राजाच्या दरबारात जाऊन उभी राहिली. नगरशेठ तिला समजावू लागले, "नशीब म्हणायचं, बाई. यंत्राला दोष कसा द्यायचा?"

"यंत्राला देतच नाही मी," ती म्हणाली. "तुमचं सोनं कुठे होतं, शेठजी?"

नगरशेठांना कबूल करावं लागलं. त्यांचं सोनं एका जुन्या पेढीत सुखरूप होतं.

चांगुणाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मला डोळे मिटायला सांगितलंत आणि आपले तेवढे उघडे ठेवलेत. माझं आवार जातंय, शेठजी. तुमचं काय गेलं?"

राजाने नगरशेठांना पुढे बोलावलं.

"रीत तुम्ही माफ केलीत," राजा नगरशेठांना म्हणाला, "तेव्हा आता ती तुम्हीच पाळा. आपलं सोनं लोकांच्या पेटीत आणून टाका."

नगरशेठांची सगळी संपत्ती त्या रिकाम्या पेटीत पडली आणि ज्यांचं बुडालं त्यांच्यात वाटली गेली. तरी चांगुणाच्या वाट्याला गेल्याच्या निम्मंच आलं. दिवाळीला मालकाने तिच्या कढया रस्त्यावर काढल्या. नगरशेठही त्याच दिवशी हवेलीतून बाहेर पडले, पण तेवढ्याने तिची चूल काही पेटली नाही.

तात्पर्य: ज्याचं स्वतःचं काहीच बुडणार नाही, त्याच्या शब्दावर आपलं सर्वस्व सोपवू नये.