बाईंच्या मिशा

आरसे नुकतेच निघाले होते, तेव्हाची गोष्ट. एका बाईंच्या अंडाशयात दोन पेशी जावाजावा म्हणून नांदत होत्या. थोरली बाहेरच्या बाजूला राहायची आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल शिजवून पुरुषी हार्मोन करायची. आतली धाकटी त्याचंच बायकी हार्मोन करायची.

एकदा थोरली फणकारली, "राबायचं मी, आणि दिसतं मात्र हिचंच! आजपासून माझी चूल वेगळी."

"बरं," धाकटी म्हणाली. पण आत रक्तच पोचत नव्हतं, मग शिजवणार काय? ती हात बांधून बसली.

थोरली ईर्ष्येने रांधत सुटली. माल साठला, उतू गेला, अंगभर पसरला.

एका सकाळी बाईंनी आरसा पाहून किंकाळी फोडली.

"काय गं झालं?" थोरली दचकली.

"अभिनंदन, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "आता तुमचंच दिसतंय. बाईंना मिशा फुटल्यात."