शून्य गळतीची काच

“शून्य म्हणजे... अगदी शून्य?”

“अगदी शून्य, बाई. काटा हललाच नाही.”

“मीटर चालू होता ना रे?”

कौस्तुभ जत्राटकर हसला. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. “चालू होता. दुसरा मीटर लावला, तोही चालू होता.”

“बरं.”

पदार्थविज्ञान विभागाच्या मागच्या व्हरांड्यात दुपारचं ऊन पायरीपर्यंत येऊन थबकलं होतं. हेर्लेकरबाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्यांची खुर्ची विभागानं उचलली नव्हती, आणि उचलायला आलेल्याला बाईंनी चहा आणायला पाठवलं होतं. पातळ फिल्म बनवणारी पोरं अजून त्यांच्याकडेच यायची.

बाईंबद्दल ही पोरं काय काय सांगत. म्हणे, बंद भट्टीच्या दाराला कान लावून आतली फिल्म तडकली की नाही ते त्या ओळखतात. म्हणे, एकदा बरणीतलं द्रावण साकळायला लागलं, तेव्हा बाईंनी त्याला असा दम भरला की ते मुकाट पुन्हा पातळ झालं. यातलं अर्धं खोटं आहे. कुठलं अर्धं, ते विभागात कुणी सांगत नाही.

कौस्तुभचं काम सांगायला सोपं होतं. नायोबियम या धातूचा क्षार अल्कोहोलमध्ये विरघळवायचा. त्याचा थेंब काचेवर टाकून काच भोवऱ्यासारखी फिरवायची आणि भट्टीत भाजायची. काचेवर मागे उरतो तो नायोबियम ऑक्साइडचा पापुद्रा, म्हणजेच फिल्म, केसाच्या हजाराव्या भागाएवढा. या पापुद्र्यानं आयुष्यात एकच करायचं, वीज अडवायची. जितकी वीज गळेल तितका तो निकामी. मोठमोठ्या यंत्रांत, हवा काढलेल्या पेटीत बनवलेल्या फिल्मसुद्धा थोड्या गळतात. आणि या पठ्ठ्याची फिल्म, साधा थेंब टाकून केलेली, तिच्यातून काहीच नाही!

उद्या सकाळी समिती बसणार होती. शिष्यवृत्ती पुढं चालवायची की जत्राटकरांना निरोपाचा चहा पाजायचा, ते ठरणार होतं. आधीच्या सगळ्या फिल्म चाळणीसारख्या गळाल्या होत्या. आता ही एकच काच त्याला वाचवणार होती.

“समितीला मी सांगणार आहे, अशी फिल्म जगात कुणी केलेली नाही.”

“जगात... बघू तरी.”

त्यानं हातमोजे चढवले. डबी उघडली. नुकत्याच न्हाऊ घातलेल्या बाळासारखी ती काच अलगद बाईंपुढं धरली. वरच्या अंगाला चांदीच्या लेपाचे बारीक ठिपके होते. मीटरची सुई टेकवायची ती त्यांच्यावर.

बाईंनी हात लावला नाही. नुसतं पाहिलं.

“भट्टीतून कशी काढलीस?”

“चिमट्यानं.”

“नीट?”

“हो... म्हणजे, जरा निसटली. ओट्यावर पडली. पण तडा गेला नाही, बाई! नशीबच म्हणायचं.”

“हं...”

बाईंनी चष्मा काढला. भिंगांवर तोंडानं ‘हाऽऽ’ केलं, पदरानं पुसली, चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्याच सहजपणे पुढं वाकल्या आणि ठिपक्यांच्या अंगावरही ‘हाऽऽ’ केलं.

“बाई! फिल्म आहे ती!”

“असू दे की.”

हिच्यासाठी कौस्तुभ आठवडाभर तोंडाला फडकं बांधून वावरला होता. काचेवर करडं धुकं धरलं, एसटीच्या खिडकीवर धरतं तसं, आणि विरलं.

“पालथी कर.”

“तिकडं काही नाही, बाई. ती नुसती काच आहे.”

“कर रे.”

त्यानं केली. बाईंनी पुन्हा ‘हाऽऽ’ केलं.

या अंगाला धुकं सरकलं आणि जाता जाता काचेवर निळी-जांभळी झाक उमटली. कबुतराच्या मानेवर असते तशी. क्षणभर राहिली... मग गेली.

कौस्तुभ त्या जागेकडं बघत राहिला.

अशी झाक नुसत्या काचेला येत नाही, पापुद्र्याला येते.

ओट्यावर पडताना काचेनं कूस बदलली होती. पापुद्रा खाली गेला होता आणि त्यानं चांदीचे ठिपके लावले होते ते नुसत्या काचेवर. वीज अडली होती खरी. अडवली होती काचेनं.

“लेप उरलाय का?” बाईंनी विचारलं.

“आहे.”

“मग लाव की या अंगाला.”

त्यानं लावला. घाईत ठिपके वाकडेतिकडे पडले. ते वाळेपर्यंत दोघं उन्हाकडं बघत बसले. मग आतून मीटर आणून त्यानं सुई टेकवली.

काटा हलला.

आधीच्या चाळण्यांइतका नाही. पण हलला.

“गळतेय,” तो म्हणाला.

“गळतेय.”

“आधीच्यांपेक्षा कमी आहे...”

“कमी आहे.”

त्यानं सुई उचलली. मग खाली बघतच म्हणाला, “बाई, समितीत काच उलटून बघणारं कुणी नाहीये.”

“नाहीच.”

“शून्य बघितलं की लगेच सह्या करतील.”

“करतील. वर पेढे मागतील.”

“आणि ही गळती दाखवली तर?”

“तर विचारत बसतील. कुठून गळते, का गळते, कमी कशानं झाली. जेवायची वेळ होईस्तोवर सोडायचे नाहीत तुला.”

“आणि एवढं करून घरी पाठवलं तर?”

“तर जाशील घरी.”

बाईंनी हे इतक्या शांतपणे म्हटलं की कौस्तुभला राग आला. मग राग कुणावर काढावा ते सुचेना, म्हणून त्यानं हातमोजे काढून टाकले. काच उघड्या बोटांत धरली. एका अंगाला सरळ ओळीतले देखणे ठिपके... दुसऱ्या अंगाला वाकडे.

“सांगा ना बाई. यातलं काय ठेवू उद्या त्यांच्यापुढं?”

बाईंनी पाय लांब केले, उन्हात.

“शून्य दुकानातल्या काचेलाही येतं, कौस्तुभ. गळती तुझी आहे.”