कड्याकडे तोंड करून म्हटलेली नांदी

आत असलेल्या माणसाला बाहेरचा आवाज ऐकू येतो का? इस्पितळात मी हे डॉक्टरांना विचारलं, नर्सबाईंना विचारलं, माझ्या अक्काला तपासायला आलेल्या मोठ्या साहेबांनाही विचारलं.

आमच्या विद्यापीठाचं खुलं नाट्यगृह दगडाच्या जुन्या खाणीत आहे. तिथं संगीत नाटक असलं की नांदी म्हणणारे नट प्रेक्षकांकडे पाठ करतात आणि मागच्या काळ्या कड्याकडे तोंड करून गातात. पहिल्यांदा आलेल्यांना वाटतं, काहीतरी चुकलं. मी शेजारच्या वडार वस्तीतला. पाहुण्यांनी विचारलं की मी सांगतो, वस्तीत सांगतात तसंच.

विद्यापीठाच्या इमारतींसाठी इथला दगड फोडत होते तेव्हाची गोष्ट. एका सुरुंगानंतर कडा खचला आणि काही माणसं आत गाडली गेली. ठेकेदार म्हणाला, आता कुणी उरलं नसेल. तायव्वाचा नवरा हणमंता आत होता. तिनं घणाचं गाणं धरलं, ज्याच्या ठेक्यावर सगळे रोज दगड फोडायचे, तेच. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. ती म्हणाली, "गाणं थांबलं तर त्यास्नी वाटंल, आपली माणसं घरला गेली."

असं सांगतात की बऱ्याच वेळानं आतून ठोका आला, गाण्याच्या तालावर. जिकडून ठोका, तिकडं पहारी चालल्या. एकेक माणूस जिवंत बाहेर आला. हणमंता मागं राहिला आणि कडा पुन्हा खचला. बाहेर आलेले म्हणाले, ठोके तोच देत होता.

तायव्वानं गाणं सोडलं नाही. दिवस कलला की ती कड्यापुढं बसून म्हणायची. पुढं खाणीत पायऱ्या बांधल्या, नाट्यशास्त्राचा विभाग निघाला आणि घैसास मास्तर विद्यापीठाच्या पहिल्या संगीत नाटकाची तालीम घ्यायला तिथं आले. म्हातारीचं गाणं आणि पायपेटीचे सूर एकमेकांत अडकू लागले. मास्तरांनी तिला हात जोडून, तालमीपुरतं थांबा, अशी विनंती केली. एका पोरानं चेष्टा केली, "आजी, आजोबांनी तिकीट काढलंय का?"

"ही जागा त्यानं फोडून दिलीया," ती म्हणाली. "तू काय दिलंस?"

मग ती मास्तरांना म्हणाली, "तुमचं नाटक समद्यास्नी ऐकवा. फकस्त पयलं गाणं माझ्या माणसाला." मास्तरांनी पेटीवर हात ठेवून शब्द दिला.

पहिल्या प्रयोगाला पुढच्या रांगेत मोठमोठी माणसं होती. पडदा सरकला आणि त्यांना नटांच्या पाठी दिसल्या. एक पाहुणे तर रागानं उठून गेले म्हणे. मास्तरांनी नटांना वळवलं नाही. नांदी संपता संपता कड्यातून ठोका आला, नेमका समेवर. शिकलेले म्हणतात, दिवसभर तापलेला खडक संध्याकाळी निवताना तसा आवाज करतो. असेलही. पण त्या दिवशी तायव्वा पायरीवर बसून अख्खं नाटक बघत राहिली, आणि पुन्हा कड्यापुढं गायला आली नाही. ते काम आता नाटकवाल्यांनी घेतलं होतं.

पुढं माईक आले, विभागाचे प्रमुख बदलले. एका प्रमुखांनी नटांना प्रेक्षकांकडे फिरवून उभं केलं, तर नायकाचा पहिल्याच पदाला आवाज बसला, असं सांगतात. परत कुणी फिरवलं नाही.

माझी अक्का, रेणुका, आमच्या वस्तीतून त्या विभागात शिकलेली पहिली. मी सातवीत शाळा सोडली. ती नांदीला मधोमध उभी राहायची. मी विचारायचो, खरंच हणमंताला ऐकू जातं का गं? ती म्हणायची, "येड्या, ते आपण नाही बघायचं. आपण गायचं."

आजही नांदी कड्याकडेच होते. अक्का जाऊन महिनासुद्धा झाला नाही. परवाच्या प्रयोगाला तिच्या जागी दुसरी मुलगी होती. मी मधेच उठून आलो, त्यामुळं ठोका आला की नाही, माहीत नाही.

शेवटच्या दिवशी इस्पितळात अक्काला काचेच्या खोलीत ठेवलं होतं आणि मला आत सोडत नव्हते. मी सगळ्या पाहुण्यारावळ्यांकडे पाठ केली आणि भिंतीला तोंड लावून नांदी म्हणायला लागलो. शब्द चुकत होते, सूर तर मला कधी नव्हताच. वॉचमननं दंड धरला. म्हणाला, गप बस, आत पेशंट आहे. मी म्हटलं, म्हणूनच. आणि डॉक्टर दार उघडून बाहेर येईपर्यंत गात राहिलो.