भरल्या पानावरून उठवलेली पंगत

एकदा एका डोंगरगावाने नवी विहीर खोदायचे ठरवले. वरच्या आळीत चार घरे होती आणि तिथे एक विहीर होतीच. खालच्या आळीत घरे पाच, पण तिथल्या बायका घागरी घेऊन रोज चढण चढत. ती कोणत्या आळीत खोदायची यावरून भांडण नको म्हणून घराघरातले कर्ते जेवायला बसवावेत, तीन-तीनच्या तीन पंगती कराव्यात आणि प्रत्येक पंगतीने बहुमताने एक कौल द्यावा, असे ठरले.

पंगती बसवायचे काम वरच्या आळीतल्या व्यापाऱ्याने आपणहून अंगावर घेतले. खालच्या आळीतले तिघे त्याने एकत्र बसवले. उरलेल्या दोघांना उरलेल्या दोन पंगतींत एकेकटे बसवले. दोन पंगतींचा कौल वरच्या आळीला गेला.

"कौल म्हणजे कौल!" व्यापारी हसला. "चला, पाने वाढली आहेत."

तेवढ्यात गावचे वृद्ध आचार्य म्हणाले, "उठा सगळे."

भरल्या पानावरून उठवणे म्हणजे केवढा अपमान! व्यापारी लाल झाला, आचार्यांचा शिष्यही ओशाळला. आचार्यांनी मात्र शांतपणे खालच्या आळीतले दोन-दोन जण दोन पंगतींत आणि एक तिसरीत बसवला. पुन्हा कौल घेतला. आता दोन पंगती खालच्या आळीच्या बाजूने गेल्या.

शिष्य खालच्या आळीतला. तो हरखून म्हणाला, "आचार्य, यापुढे पंगत मी बसवतो. मी अन्याय नाही करणार."

"तुझी आई पाणी कुठून आणते रे?"

"वरून." शिष्याची मान खाली गेली.

"म्हणून तूही नको, बाळा. आणि तुझ्यावर माया आहे, म्हणून मीही नको. माणसे तीच, मते तीच. मी जागा तेवढ्या बदलल्या. जिंकणारा कसाही पोटभर जेवतो. हरणाऱ्याला मात्र 'मला हरवले' असे वाटता कामा नये. 'मी हरलो' एवढेच त्याला म्हणता आले, तर तो उद्या गावाबरोबर राहील. नऊच तर माणसे आहेत. पंगती मोडा, हात मोजा."

खालच्या आळीसाठी पाच हात वर आले. व्यापाऱ्याने स्वतः पुन्हा मोजले, पाचच भरले. विहीर खोदायच्या पहिल्या दिवशी तो कुदळ घेऊन आला. कुरकुरत आला, पण आला.

मोठ्या देशाचे पंगतींवाचून, म्हणजे मतदारसंघांवाचून, भागत नाही. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतात, आणि अनेक राज्यांत त्या आखणारे तिथले निवडून आलेले लोकच असतात. कौल ऐकण्याआधी आपण एवढे विचारावे, की पंगत कोणी बसवली?